डोंगरपट्ट्याचा लाल बावटा : किसान सभेची नाशिक जिल्ह्यातील वाटचाल

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला जी विधानसभा मिळाली तिच्यात जागा होत्या १७५. त्यांपैकी 'मागास भाग आणि जमाती' यांच्यासाठी राखलेली जागा होती एक. त्याच कायद्याखाली नाशिक जिल्ह्यातला कळवण तालुका आणि पेठ हा भाग 'अंशतः वर्जित क्षेत्र' ठरला. म्हणजे प्रांताच्या विधिमंडळाने केलेला कायदा तिथे लागू करायचा की नाही, हे गव्हर्नर ठरवणार. शेजारचे सुरगाणा तर संस्थानच. तिथे मतपेटीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आज ज्या तालुक्यांच्या बळावर किसान सभा नाशिकमध्ये उभी आहे, त्यांची सरकारदरबारी तेव्हा ही गणती होती.

संस्थेचा इतिहास स्थापनेच्या तारखेपासून सांगायची रीत आहे, आणि ती पुढे पाळलीच आहे. पण कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल, कातकरी या समाजांना आपला माणूस सभागृहात पाठवायला किती वाट पाहावी लागली, हे आधी सांगितल्याशिवाय पुढच्या मोर्चांचा अर्थ लागत नाही. व्यक्तींची नावे या लेखात मोजकीच आली आहेत. गावोगाव पावतीपुस्तक घेऊन फिरणारे, मोर्चाच्या आदल्या रात्री शिधा गोळा करणारे, खटल्यांच्या तारखांना तालुक्याला पायी जाणारे हजारो कार्यकर्ते आहेत. एकाचे नाव घ्यावे तर शंभर राहून जातात.

पूर्वपीठिका : १९३६ ते १९४४

अखिल भारतीय किसान सभेची स्थापना एप्रिल १९३६ मध्ये लखनौला झाली. स्वामी सहजानंद सरस्वती पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला भरले. त्या अधिवेशनासाठी शेतकऱ्यांचा एक जथा पायी निघाला तो आपल्या मनमाडहून. वि. म. भुस्कुटे आणि जे. बुखारी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दोनशे मैलांची वाट तुडवत तो फैजपूरला पोहोचला. २०१८ च्या लाँग मार्चला वर्तमानपत्रांनी 'अभूतपूर्व' म्हटले, ते गर्दीच्या दृष्टीने खरेच होते. पण नाशिक जिल्ह्यातून मागण्या घेऊन पायी निघायची चाल ऐंशी वर्षे जुनी आहे, हे तेव्हा फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही.

या काळात डोंगरपट्ट्यात अगदीच अंधार होता असे मात्र नाही. १९३७ मध्ये दादासाहेब बिडकर यांनी डांग सेवा मंडळ स्थापन केले आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. आमचा मार्ग वेगळा होता, पण आमच्या सभांचे इतिवृत्त लिहिणारी पहिली साक्षर पिढी अशा शाळांतूनच आली. हे ऋण मोकळेपणाने मान्य करायला हवे. डेव्हिड सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने प्रांतातल्या वन्य आणि डोंगरी जमातींविषयीचा अहवाल १९३९ च्या सुमारास सरकारला दिला. सावकार, जमीनदार आणि जंगल खात्याचे शिपाई माणसांना फुकट कसे राबवतात, हे त्यात सरकारी अधिकाऱ्यानेच नोंदवले. अहवाल दप्तरात गेला. वेठ चालू राहिली.

१९४५ ते १९५४ : टिटवाळ्याची परिषद

७ जानेवारी १९४५ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद भरली. आपला जन्म तिथला. या परिषदेला उंबरगाव-डहाणूकडून थोडे वारलीही आले होते, त्यांत माह्या धांगडा होते. किसान सभेचे संघटक गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यानंतर त्या भागात गेले, आणि २३ मे १९४५ ला झरी गावी वारल्यांची परिषद झाली. वेठबिगार करायची नाही, लग्नगड्याने लग्नाच्या कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या राबायचे नाही, असा निश्चय तिथे झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला. त्याला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हा इतिहास ठाण्याचा. नाशिकच्या स्मरणिकेत त्याला एवढी जागा का, असे कुणी विचारील. डोंगराला जिल्ह्याची हद्द कळत नाही. पेठ, त्र्यंबक आणि सुरगाण्याच्या लोकांच्या सोयरिकी जव्हार-मोखाड्यात, धरमपूर-डांगात. बाजार तोच, भाषा जवळची, आणि सावकाराचा हिशोबही एकाच जातीचा.

१९४८ मध्ये सुरगाणा संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई राज्याचा कूळकायदा आला. १९५० मध्ये राज्यघटना लागू झाली आणि अनुसूचित जमातींना राखीव जागा मिळाल्या. पाचवी अनुसूची आली. 'वर्जित' हा शब्द गेला, 'अनुसूचित' आला. मताचा अधिकार हातात आला ही मोठीच गोष्ट. पण मत देणारा माणूस ज्या जमिनीवर उभा होता ती जंगल खात्याच्या खात्यावर होती, आणि त्या तिढ्याने पुढची पन्नास वर्षे खाल्ली.

१९५५ ते १९६९ : विस्तार आणि खंड

मे १९५५ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन डहाणूला झाले आणि क्रांतिसिंह नाना पाटील अध्यक्ष झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ला नाना पाटील साताऱ्यातून, शामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेवर गेले. त्याच निवडणुकीत नाशिकमधून कर्मवीर दादासाहेब गायकवाड निवडून आले. काळाराम मंदिर सत्याग्रहातला हा सेनानी १९५९ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहाचा पुढारी झाला. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही मागणी नाशिक-खानदेशात त्या सत्याग्रहाने घराघरांत नेली. तो झेंडा निळा होता, आमचा लाल. पण तुरुंगात शेजारी बसायला कुणाची हरकत नव्हती.

साठच्या दशकाच्या मध्यावर देशभरच्या डाव्या चळवळीत जे वैचारिक बदल झाले त्यांचे पडसाद संघटनेतही उमटले. त्यांचा तपशील देण्याचे हे स्थळ नव्हे. जे कार्यकर्ते वेगळ्या वाटेने गेले त्यांचेही श्रम या इमारतीत आहेत. शामराव परुळेकर १९६५ मध्ये स्थानबद्धतेतच वारले, आणि काही वर्षे काम मंदावले.

सत्तरचे दशक : प्लॉट, दंड आणि पहिला आमदार

नाशिकच्या डोंगरपट्ट्यात संघटना खऱ्या अर्थाने रुजली ती या दशकात. १९७२ चा दुष्काळ हे त्याचे तात्कालिक कारण. वरई, नागली, खुरासणी असे पावसाच्या भरवशावरचे पीक, त्यात पाऊस गेला. खडी फोडायच्या कामावर हजेरी लागावी, हजेरीप्रमाणे पगार मिळावा, पगाराऐवजी सुकडी देऊन वाटेला लावू नये, यासाठी पहिले मोर्चे निघाले. रोजगार हमीचा कायदा राज्याने १९७७ मध्ये केला. तो होईपर्यंत मजूर तहसील कचेरीच्या पायऱ्या किती वेळा चढले याची नोंद कुठेच नाही.

दुसरे कारण 'प्लॉट'. जंगलाच्या कडेला, डोंगराच्या उतारावर आजा-पणज्यापासून कसलेल्या तुकड्याला आमच्याकडे प्लॉट म्हणतात. सातबारावर नाव नाही, पण बांध घातलेला, दगड वेचलेले, आंब्याचे झाड लावलेले. पावसाळ्यापूर्वी जंगल खात्याची माणसे येत. कधी उभे पीक मोडत, कधी औत-बैल जप्त करत, कधी दंड करून पावती फाडत. किसान सभेचे नाना मालुसरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरगाणा-कळवणच्या पाड्यांवर मुक्काम करून सांगायला सुरुवात केली : एकट्याने दंड भरू नका, आणि भरलात तर पावती फेकू नका. हा सल्ला त्या वेळी व्यवहारी होता एवढेच. तीस वर्षांनी त्याचे काय मोल होणार, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

सरकारनेही या दशकात बरेच केले, ते लिहायला हवे. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्य कार्यालय नाशिकला आले. १९७४ मध्ये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. १९७६ मध्ये एकाधिकार खरेदीचा कायदा आला. हिरडा, मोहफुले, नागली व्यापाऱ्याच्या मापाऐवजी संस्थेच्या काट्यावर जाऊ लागली. डिसेंबर १९७८ च्या शासननिर्णयाने १९७२ ते १९७८ मधली वनजमिनीवरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. हे सगळे एकामागोमाग एक का झाले, याचे आमचे उत्तर साधे आहे : त्या वर्षांत नाशिक, ठाणे आणि धुळ्याच्या रस्त्यांवर लोक होते. मंत्रालयातल्या चांगल्या अधिकाऱ्यांचाही त्यात वाटा आहे, पण फाईल हलते ती बाहेरच्या आवाजाने.

१९७८ मध्ये जीवा पांडू गावित सुरगाण्यातून विधानसभेवर निवडून गेले. राखीव जागा तिथे होतीच. राखीव जागेवर आदिवासीच निवडून येणार हेही ठरलेलेच. नवे होते ते इतकेच, की उमेदवार गाव समित्यांनी दिला होता आणि निवडून आल्यावर हिशोबही त्याच मागणार होत्या. राखीव जागा समाजाला सभासद देते. तो सभासद समाजाचा राहील की नाही, हे संघटना असेल तरच ठरते. आमच्या साऱ्या वाटचालीतून निघालेले मत हेच, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांच्याशी वाद घालायची तयारी आहे.

याच सुमारास, १९७७ मध्ये, अलास्कातल्या बॅरो गावी एबेन हॉपसन यांच्या पुढाकाराने अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलँडच्या इनुइट लोकांची परिषद भरली होती. तेलकंपन्या आणि दूरच्या राजधान्या आपल्या बर्फाचे निर्णय परस्पर घेतात, ही त्यांची तक्रार. सुरगाण्यात कुणी त्यांचे नाव ऐकलेले नव्हते, आणि त्यांनी सुरगाण्याचे. तक्रार मात्र ओळखीची वाटावी अशी होती.

ऐंशीचे आणि नव्वदचे दशक

या वीस वर्षांत संघटनेने फार मोठे लढे केले असे म्हणता येणार नाही. जे मिळवले ते टिकवणे हेच काम होते, आणि ते कमी नव्हते. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीचा कोणताही वेगळा वापर दिल्लीच्या परवानगीवर नेला. १९७८ च्या निर्णयाची अंमलबजावणी तिथे अडकली. राज्यात १९८३ मध्ये स्वतंत्र आदिवासी विकास विभाग झाला. नाशिक हे आदिवासी विकास आयुक्तालयाचे ठिकाण झाल्याने नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतची शिष्टमंडळे इथे येऊ लागली. मोर्चा काढायला मुंबई गाठायची गरज काही प्रमाणात कमी झाली, हा एक अनपेक्षित फायदा.

गावित या काळात पुन्हा पुन्हा निवडून आले, मधे पराभवही पचवला. सात वेळा आमदार होणे ही त्यांची कामगिरी आहेच; पण प्रत्येक निवडणुकीत घराघरांतून पैसे जमा करणाऱ्यांची कामगिरी त्याहून मोठी, असे ते स्वतःही म्हणतील. पंचायत समितीत, ग्रामपंचायतीत लाल बावट्याची माणसे बसली. महिला आरक्षण आल्यावर सरपंच झालेल्या बायकांपैकी अनेकजणी आधी मोर्चात घोषणा देणाऱ्या होत्या. माईकची भीती त्यांना नव्हती.

२४ डिसेंबर १९९६ ला पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रातली ग्रामसभा ही केवळ सल्ला देणारी मंडळी नव्हे, गौण वनोपज आणि जमिनीच्या व्यवहारांवर तिचा अधिकार आहे, हे कायद्याने मान्य केले. कागदावर ही क्रांतीच. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ मध्ये. मधली अठरा वर्षे कुठे गेली हा प्रश्न आम्ही प्रत्येक सरकारला विचारला आहे, आणि सरकारे बदलत गेल्याने उत्तर द्यायची पाळी कुणावरच आली नाही.

२००० ते २००९ : पत्र्याच्या पेटीतल्या पावत्या

३ मे २००२ ला केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने वनजमिनीवरची अतिक्रमणे काढून टाकण्याचे आदेश राज्यांना दिले. देशभर आदिवासींच्या झोपड्या मोडल्या, पिके उपटली गेली. त्याविरुद्ध ज्या अनेक संघटना एकत्र आल्या त्यांत किसान सभा होती, आमच्याशी एरवी न पटणाऱ्याही होत्या. कष्टकरी संघटनेने आधीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात जे काम केले होते त्याचा सर्वांनाच उपयोग झाला. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. नियम १ जानेवारी २००८ पासून आले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंतचा हक्क मिळू शकेल, अशी तरतूद झाली.

पुढची दोन वर्षे किसान सभेच्या कार्यकर्त्यांनी घोषणा कमी दिल्या आणि अर्ज जास्त भरले. एका दाव्यात काय काय लागे ते सांगितले पाहिजे. दाव्याचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समितीचा पंचनामा, प्लॉटचा हाताने काढलेला नकाशा (चारी बाजूंना कोण कसतो ते लिहून), गावातल्या वडीलधाऱ्याचा जबाब, आणि मिळाला तर जुना पुरावा. तो मिळाला बऱ्याच घरांत. छपराच्या आढ्याला टांगलेल्या पिशवीतून, पत्र्याच्या पेटीतून जंगल खात्याच्या दंडाच्या पावत्या निघाल्या. काही उंदराने कुरतडलेल्या, काहींवरची शाई उडालेली, पण तारीख आणि ठिकाण वाचता येई. अतिक्रमण केले म्हणून दंड भरला, म्हणजे त्या साली हा माणूस त्या जमिनीवर होता, हे खुद्द खात्यानेच लिहून दिले होते. गुन्ह्याची पावती हक्काचा पुरावा झाली. सत्तरच्या दशकात 'पावती फेकू नका' म्हणणारे काहीजण तोवर हयात नव्हते.

हक्क मिळाले, पण कापून. पाच एकर कसणाऱ्याच्या हाती काही गुंठ्यांचा दाखला आला. उपविभागीय समितीने कारण न देता दावे नामंजूर केले. नकाशा मोजायला भूमापक वेळेवर मिळेना. अपिलांची दुसरी फेरी सुरू झाली, ती अजून पूर्ण संपलेली नाही.

याच दशकात एक गोष्ट घडली तिची चर्चा शहरात झालीच नाही. २००८ च्या पुनर्रचनेत सुरगाणा विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेला. सुरगाणा तालुका कळवणला जोडला, पेठ दिंडोरीला, त्र्यंबकेश्वर इगतपुरीला. लोकसभेचा जुना मालेगाव राखीव मतदारसंघ जाऊन दिंडोरी आला. राज्याच्या विधानसभेत आदिवासींच्या राखीव जागा २२ वरून २५ झाल्या, त्यामुळे एकूण हिशोबात तोटा नाही, असे सांगितले गेले. पण ज्या तालुक्यात शंभरातली पंचाण्णवहून अधिक माणसे आदिवासी आहेत त्याचा स्वतःचा मतदारसंघ उरला नाही. कॅनडाने १ एप्रिल १९९९ रोजी नकाशावर नवी रेघ ओढून नुनावुत हा प्रदेश वेगळा केला, तेव्हा इनुइट लोक तिथे बहुसंख्य झाले आणि विधानसभा त्यांची झाली. रेघ कुठून जाते यावर प्रतिनिधित्व किती अवलंबून असते, याची ही दोन टोके.

२०१० ते २०१९ : सीबीएस चौक ते आझाद मैदान

२०१४ मध्ये गावित कळवणमधून निवडून आले आणि नव्या विधानसभेचे हंगामी अध्यक्ष झाले. साऱ्या आमदारांना शपथ देण्याचे काम सुरगाण्याच्या या सभासदाकडे आले. मान मोठा, पण वनहक्काचे दावे जिथल्या तिथे होते. मार्च २०१६ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकात एक लाखाच्या घरात माणसे येऊन बसली. दोन दिवस, दोन रात्री. शहराच्या मधोमध चुली पेटल्या. नाशिककरांनी वाहतूक कोंडीबद्दल कुरकुर केली, आणि पाण्याचे टँकरही आणून लावले. दोन्ही खरे आहे.

६ मार्च २०१८ ला त्याच चौकातून लाँग मार्च निघाला. वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, कर्जमाफी सरसकट करा, स्वामिनाथन आयोगाप्रमाणे भाव द्या, नार-पार आणि दमणगंगेचे पाणी गुजरातला देऊ नका, वृद्ध शेतकऱ्यांना पेन्शन द्या, रेशन नीट करा, अशा मागण्या होत्या. डॉ. अशोक ढवळे, जे. पी. गावित, किसन गुजर, डॉ. अजित नवले आणि जिल्ह्याजिल्ह्याचे पदाधिकारी पुढे. निघताना पंचवीस हजारांच्या आसपास, मुंबईत पोहोचताना त्याच्या दुपटीच्या जवळ.

बाहेरच्या लोकांना या मोर्चाच्या शिस्तीचे नवल वाटले. त्यात जादू नव्हती. गावाचा जथा, गावाचा टेम्पो, टेम्पोत गावानेच जमवलेले तांदूळ-डाळ आणि लाकूडफाटा. मुक्काम आला की ज्या त्या गावाची चूल. कुणी मागे राहिला तर गावालाच कळणार. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात माउल्या दिवसेंदिवस गावोगाव फिरतात, लग्नाला चार कोस वऱ्हाड पायी जाते; अशा लोकांना कसारा घाट उतरायला कुणी शिकवावे लागत नाही. संध्याकाळी तारपा आणि पावरी वाजे, नाच होई. ऊन मात्र मार्चचे आणि रस्ता डांबरी. अनेकांच्या पायात चपला नव्हत्या, ज्यांच्या होत्या त्यांच्या वाटेतच तुटल्या. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे देशभर गेली आणि एका दिवसात शहराचा सूर बदलला. ठाणे-मुंबईच्या रहिवाशांनी रात्री रस्त्यावर येऊन पाणी, खजूर, बिस्किटे, चपला दिल्या. त्यांचे आभार त्या वेळी मानायचे राहिले असतील तर ते या स्मरणिकेतून मानतो.

११ मार्चला मोर्चा शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीचा पेपर होता. दिवसा मोर्चा निघाला तर मुले परीक्षेला पोहोचणार नाहीत, म्हणून दिवसभर चाललेली माणसे न झोपता मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानात गेली. हा निर्णय पुढाऱ्यांनी मांडला, पण मान्य केला तो सोललेल्या पायांनी. आपल्या मुलांच्या आश्रमशाळांची अवस्था काय, हे त्यांना माहीत होते. तरी दुसऱ्यांच्या मुलांच्या पेपराची त्यांनी काळजी केली.

१२ मार्चला सरकारने मंत्र्यांच्या समितीमार्फत वाटाघाटी केल्या आणि मुख्य सचिवांच्या सहीचे लेखी आश्वासन दिले. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, हा त्यातला मुख्य मुद्दा. परतीसाठी मध्य रेल्वेने खास गाड्या सोडल्या. सहा महिने गेले, मग आणखी सहा. फेब्रुवारी २०१९ मध्ये दुसरा मोर्चा निघाला. तो नाशिकबाहेर आंबेबहुला गावापर्यंतच गेला होता, तेवढ्यात मंत्री तिथे येऊन बोलणी करून गेले. पहिल्या मोर्चाची कमाई ती हीच, असे काहीजण गमतीने म्हणतात : मंत्रालय नाशिकपर्यंत चालत आले.

२०२० नंतर

डिसेंबर २०२० मध्ये नाशिकहून वाहनांचा जथा निघाला आणि राजस्थान-हरियाणाच्या सीमेवर शाहजहानपूरला दिल्लीच्या शेतकरी आंदोलनात सामील झाला. थंडीची सवय नसलेली आपली माणसे तिथे घोंगड्या पांघरून बसली. पंजाबच्या लंगरातली रोटी आणि आपली नागलीची भाकरी यांची तुलना अजून गप्पांत निघते. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक ते मुंबई वाहनमोर्चा झाला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसरा लाँग मार्च निघाला आणि वाशिंदपर्यंत जाऊन, मागण्यांवर निर्णय झाल्यावर थांबला.

प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने हा काळ वरकरणी भरभराटीचा. मार्च २०२० मध्ये दिंडोरीचे नरहरी झिरवाळ विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. २०२१ मध्ये दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार केंद्रात राज्यमंत्री झाल्या. दोघेही लाल बावट्याचे नाहीत, तरी डोंगरपट्ट्याची माणसे त्या खुर्च्यांवर बसली याचा आनंद सगळ्यांना होता. पण २०२२ च्या अखेरीस सुरगाण्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना मिळत नाही म्हणून गुजरातमध्ये जाण्याची भाषा केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर खुद्द विधानसभेच्या उपाध्यक्षांनी, आदिवासी आरक्षण आणि पेसा भरतीच्या प्रश्नावर आपले ऐकले जात नाही म्हणून, सहकारी आमदारांसह मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. काहींना त्यात नाटक दिसले. आम्हाला त्यात खुर्चीची मर्यादा दिसली. पेसा क्षेत्रातल्या नोकरभरतीसाठी त्याच वर्षी पावसाळ्यात नाशिकला गावितांनी उपोषण केले होते आणि आदिवासी तरुण मोठ्या संख्येने रस्त्यावर आले होते. शिक्षक, तलाठी, आरोग्यसेवक आदिवासी भागात स्थानिकच असावेत, ही मागणी नव्या पिढीने उचलली आहे. या पिढीला मोबाइलवर शासननिर्णय शोधता येतो, आणि जुन्या कार्यकर्त्यांपेक्षा ती अधिक अधीर आहे. काही बैठकांत त्यावरून आवाज चढतात, चढू द्यावेत.

संघटनेचे रोजचे काम मात्र जुन्याच चाकोरीत चालते. दरवर्षी सभासद नोंदणी, गाव समितीची बैठक, तालुका परिषद. वनहक्काची अपिले, कमी मिळालेल्या क्षेत्राची फेरमोजणी, दाखला मिळाला पण सातबारावर नोंद नाही अशी प्रकरणे. ज्यांच्या नावावर जमीन झाली त्यांना पीककर्ज आणि विहिरीची योजना मिळवून देणे हे आता नवे काम झाले आहे. सुरगाण्याच्या घाटमाथ्यावर स्ट्रॉबेरी लावणारे तरुण त्याच प्लॉटवर लावतात, ज्यावरून त्यांच्या आज्याला दंड झाला होता. त्यांचे प्रश्न भावाचे आणि शीतगृहाचे आहेत. पाणी हा प्रश्न सर्वांवर वरचढ. राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या भागांपैकी एक असलेल्या या पट्ट्यात मार्चपासून बायका झऱ्यावर रांग लावतात, आणि नार, पार, अंबिका पश्चिमेला वाहून जातात.

पुढचे तातडीचे काम जनगणनेचे. लोकसंख्येच्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि राखीव जागा किती, कुठे, हे पुढे या आकड्यांवरूनच ठरायचे आहे. फेब्रुवारी-मार्च हा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षकाढणीचा हंगाम. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकची निम्मीअधिक कामाची माणसे त्या दिवसांत बागांच्या कडेला पाल ठोकून राहतात; पाड्यावर उरतात म्हातारी आणि लहान मुले. गणना करणारा पाड्यावर आला आणि दाराला कडी दिसली, तर ते घर मोजले जाणार कुठे? म्हणून दिवाळीनंतर, माणसे बागांकडे निघण्याआधी, प्रत्येक गाव समितीने घरवार यादी करावी : कुटुंबात किती जण, कोणाच्या बागेवर, कोणत्या गावी, परत केव्हा. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तालुका कचेरीत आणि एक गावातल्या पेटीत.